पुतळ्याला आजार नसतो

अमेरिकेतला उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूजेसने जुलै १९३८ मध्ये चार सहकारी बरोबर घेऊन विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अवघ्या ९१ तासांत. त्याच्या आयुष्यावर मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २००४ साली केलेल्या ‘द एव्हिएटर’मध्ये हाच माणूस स्वच्छतागृहात अडकून पडतो. रक्त येईपर्यंत तो हात घासतो. कुबड्या घेतलेला एक माणूस त्याच्याकडे साधा टॉवेल मागतो, तर तो उचलून देणं त्याला जमत नाही. दाराला कुलूप नसतं, पण मूठ धरली तर हात पुन्हा बाटतील या भीतीने दुसरं कुणीतरी दार उघडेल म्हणून तो ताटकळत उभा राहतो. लिओनार्डो डिकॅप्रिओचा त्या वेळचा चेहरा पाहताना कळतं, की आपलं वागणं विचित्र आहे हे या माणसाला पुरतं ठाऊक आहे आणि तरीही थांबणं त्याला शक्य नाही.

हे प्रसंग कापले असते तर नायक जास्त देखणा दिसला असता. विक्रम, विमानं, हॉलिवूडच्या नट्या, सिनेटच्या समितीसमोरची जुगलबंदी, एवढ्यावर एक झकास चित्रपट सहज उभा राहतो. पण तो ह्यूजेसचा चित्रपट झाला नसता. माझं म्हणणं असं आहे, की कर्तबगार माणसाच्या चरित्रपटात त्याचं मनाचं दुखणं आणि त्याचं अपयश दाखवलंच पाहिजे. तो दिग्दर्शकाने प्रेक्षकावर केलेला उपकार नाही, ते त्याचं काम आहे. घरच्यांचा मान, जातीचा मान, भाषेचा मान यांच्या नावाने ते झाकायला लावण्याचा अधिकार कुणालाही नसावा. आणि हे मी बेळगावात बसून लिहितो आहे, कारण आमच्या सीमाभागाला या गोष्टीची निकड इतरांपेक्षा जास्त आहे.

आमच्या शहरात थोर माणसं भेटतात ती बहुतेक चौथऱ्यावर. चेन्नम्मा सर्कल, संभाजी चौक, शिवाजी उद्यान. पत्ता सांगायचा तर कुणा ना कुणा वीरपुरुषाच्या किंवा वीरांगनेच्या नावानेच सांगावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्याला काळं फासलं गेलं, इकडे कानडी वीर संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाली, आणि आमचं गाव काही दिवस श्वास रोखून बसलं. १९५६ पासून इथल्या मराठी माणसाला आपली भाषा, आपल्या शाळा, आपल्या पाट्या यांच्यासाठी झगडावं लागलं आहे. अशा ठिकाणी आपल्या माणसाचा एकही डाग चारचौघांत दिसू द्यायचा नाही, अशी सवय अंगी मुरते. शेजारच्या कानडी गल्लीतही तीच सवय आहे. मला ती समजते, कारण मीही त्याच सवयीत वाढलो. पण तिच्यामुळे आपण पडद्यावरच्या माणसाकडूनही पुतळ्याचीच अपेक्षा करू लागलो आहोत. पुतळ्याला आजार नसतो, कर्ज नसतं, रात्री झोप लागत नाही असं होत नाही. तो बघून कुणाला अभिमान वाटेल. पण ज्याची स्वतःची झोप उडाली आहे अशा पोराला त्याच्याकडून काय मिळणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आजार दाखवला की माणूस लहान होतो. तो किती पोकळ आहे हे आम्ही बेळगावकरांनी तरी ओळखायला हवं. सांबऱ्याला विमानतळ आहे. सांबऱ्यावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे सुळेभावी लागतं. १९२४ साली तिथे जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ पुढे कुमार गंधर्व झाला. कानडी घरातला मुलगा, मराठी माणसांनी डोक्यावर घेतलेला गवई. ऐन उमेदीत त्यांना क्षयाने गाठलं, देवासला जाऊन वर्षानुवर्षं अंथरुणावर पडावं लागलं, गाणं बंद. नंतर स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं, ते उठले, आणि जे गायले त्याने हिंदुस्थानी संगीताची वाटच बदलली. कुमारांची गोष्ट सांगताना हा आजार कुणी गाळत नाही. उलट तोच गोष्टीचा कणा असतो. खिडकीबाहेरून ऐकू येणारी माळव्याची लोकगीतं, श्वासाच्या बेतानेच घेतलेल्या छोट्या छोट्या ताना, हे सगळं त्या खाटेशिवाय सांगताच येत नाही. आणि ध्यानात ठेवा, त्या काळी क्षयही घरोघर लपवलाच जात होता. मुलीचं लग्न मोडेल म्हणून लोक नाव घेत नसत. आज आपण फुप्फुसाचा आजार अभिमानाने सांगतो. मग मनाच्या आजाराच्या वेळी जीभ का अडखळते?

अडखळते, कारण आमच्या भागात मनाच्या आजाराला एकच पत्ता चिकटला आहे. ‘याला धारवाडला न्यायला पाहिजे’, एवढं वाक्य पुरतं. पुढचं सांगावं लागत नाही. धारवाडला मनोरुग्णांसाठी जुनं सरकारी इस्पितळ आहे, आता ती डिमहान्स नावाची शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. तिथे डॉक्टर आहेत, औषधं आहेत, बरी होऊन घरी परतणारी माणसं आहेत. तरीही त्या गावाचं नाव आमच्या तोंडी टोमण्यासारखंच येतं. शाळेतलं पोर पोराला म्हणतं, नवरा बायकोला म्हणतो. असं म्हणत म्हणत ज्याला खरोखर जायला हवं त्याचा रस्ता आपण बंद करत असतो.

ह्यूजेसचं दुखणं तर असं, की आपल्या घरांत ते ओळखूच येत नाही. वैद्यकीय भाषेत त्याला ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. नको असलेला एखादा विचार मनात घुसतो, भीती दाटते, ती घालवायला एखादी कृती करावी लागते: हात धुणं, कडी तपासणं, मोजणं, पुटपुटणं. क्षणभर बरं वाटतं आणि चक्र पुन्हा फिरू लागतं. जगभरच्या पाहण्या पाहिल्या तर शंभर माणसांत एक ते तिघांना आयुष्यात कधी तरी हे होतं. म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत ते आहे. फक्त तिथे त्याचं नाव सोवळं असतं, टापटीप असते, ‘वहिनींचा स्वभावच तसा’ असतं. नळाचं पाणी चार दिवसांनी येणाऱ्या घरात एखादी बाई आणलेला बाजार तीन-तीनदा धुते, मुलाला शाळेतून आल्यावर दारातच उभं करते, पाहुणा बसून गेला की चादर पिंपात टाकते, आणि सगळं घर तिच्या धाकात किंवा तिच्या कौतुकात वर्षं काढतं. ती मात्र पहाटेपर्यंत जागी असते. तिला दुखणं आहे हे कुणाच्या मनातही येत नाही, तिच्याही नाही. सोवळ्याओवळ्याच्या आपल्या परंपरेने या आजाराला राहायला हक्काची खोली दिली आहे.

अशा घरात एखादा चित्रपट काय करू शकतो? बरंच काही. डिकॅप्रिओने या भूमिकेसाठी ओसीडीचे तज्ज्ञ जेफ्री श्वार्ट्झ यांची मदत घेतली होती, आणि ते जाणवतं. त्याचा ह्यूजेस वेडेचाळे करत नाही. एखाद्या वाक्यावर तो अडकतो, तेच वाक्य पुन्हा, पुन्हा, पुन्हा म्हणतो, आणि तोंड दाबून धरतो. तो क्षण पाहून घरातली एखादी मुलगी म्हणू शकते, ‘काकूचं असंच होतं.’ तेवढं पुरे असतं. उपचाराची सुरुवात बहुतेक वेळा अशी कुणाच्या तरी ओळखीच्या वाक्याने होते.

दुसरा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. असे चित्रपट वेडाला वलय देतात. प्रतिभा हवी तर डोकं फिरलेलंच हवं असं तरुण पोरांना वाटू लागतं. हा धोका खरा आहे, आणि ‘द एव्हिएटर’ त्यातून पूर्ण सुटलेला नाही. बालपणाचा एक छोटा प्रसंग सोडला तर चित्रपट १९२७ ला सुरू होतो आणि १९४७ ला संपतो. ज्या महाकाय लाकडी विमानाची टिंगल चालली होती ते ‘हर्क्युलस’ २ नोव्हेंबर १९४७ रोजी लाँग बीचला पाण्यावरून उचललं जातं, साधारण मैलभर उडतं, आणि नायक जिंकतो. आजार परतल्याची चाहूल शेवटच्या प्रसंगात आहे, पण ती चाहूलच. त्यानंतर ह्यूजेस २८ वर्षं जगला. हॉटेलांच्या काळोख्या खोल्या, कोडीन या वेदनाशामकाचं व्यसन, भोवती पगारी माणसांचं कोंडाळं. ५ एप्रिल १९७६ ला गेला तेव्हा शरीराचा नुसता सापळा उरला होता, ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. यातलं काही पडद्यावर नाही. १९३६ मध्ये त्याच्या गाडीखाली एक पादचारी मेला होता, तेही नाही. कृष्णवर्णीयांबद्दलचा त्याचा द्वेष तर नाहीच नाही. स्कॉर्सेसींसारख्या दिग्दर्शकानेही हात आखडता घेतला याचं मला वाईट वाटतं. ती २८ वर्षं थोडी तरी दाखवली असती तर वलयाचा प्रश्न उरला नसता, कारण त्या काळोख्या खोलीत हेवा करण्याजोगं काहीही नव्हतं.

पण चित्रपटाने एक गोष्ट फार नेमकी पकडली आहे, आणि तिच्यासाठी मी त्याला बाकीचं माफ करतो. ह्यूजेसचं एच-१ हे विमान १९३५ साली ताशी ३५२ मैल, म्हणजे जवळजवळ ५६७ किलोमीटर वेगाने उडालं. जमिनीवरून उडणाऱ्या विमानांतला तो त्या वेळचा विक्रम. त्याच्या वेगामागची कारणं साधी आणि कठीण होती: चाकं पोटात घेता येत होती, आणि पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, म्हणजे रिव्हेटची, डोकी पृष्ठभागाशी अगदी सपाट बसवली होती, हवेला कुठे अडायला जागाच ठेवली नव्हती. चित्रपटात ह्यूजेस त्या पत्र्यावरून हात फिरवतो आणि एकही रिव्हेट वर नको असं बजावतो. तोच हात पुढे साबणाखाली रक्ताळतो. एकाच माणसाचा काटेकोरपणा दोन ठिकाणी दिसतो. एका ठिकाणी तो विमान घडवतो, दुसऱ्या ठिकाणी माणूस मोडतो.

हा फरक मला पोटातून कळतो, कारण उद्यमबाग या आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर माझी नोकरी झाली. ड्रॉइंगवर जो टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहिला आहे त्यात जॉब, म्हणजे बनवलेला भाग, बसतो की नाही, एवढंच बघायचं. मायक्रॉनचा हिशेब, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. बघणाऱ्याला वाटतं हा माणूस विक्षिप्त आहे. पण गेज, म्हणजे तपासायचं माप, बसलं की माझं काम संपतं, मी सही करतो आणि पुढचा जॉब घेतो. मंत्रचळ झालेल्या माणसाचं गेज कधीच बसत नाही. तो दहाव्यांदा मोजतो तेही अचूकतेसाठी नव्हे, भीती शमावी म्हणून. ह्यूजेसचं विमान वेगवान झालं ते आजारामुळे नव्हे. त्याच्याजवळ ग्लेन ओडेकर्कसारखा मेकॅनिक होता, रिचर्ड पामरसारखा अभियंता होता, वडिलांनी तेलविहिरी खोदायच्या ड्रिलवर कमावलेला अमाप पैसा होता आणि स्वतःची असामान्य समज होती. आजाराने त्याला फक्त उशीर करायला लावला. ‘हर्क्युलस’ युद्धासाठी बनवायचं होतं, युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर ते एकदा उडालं. प्रतिभा आणि आजार एकाच घरात राहतात म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. हे पोरांना सांगायचं तर दोन्ही दाखवावं लागतं. एक लपवून दुसऱ्याबद्दलचा गैरसमज कसा दूर होणार?

आता उलट बाजूचा चित्रपट. जानेवारी २०१५ मध्ये ‘हवाईजादा’ आला. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) यांच्यावरचा. राईट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, त्यांनी चौपाटीवर विमान उडवलं अशी कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पंधराशे फूट वर गेलं, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज हजर होते, असंही सांगतात. चित्रपटाने ती कथा उचलली, तिला गाणी लावली आणि विमान उडवून दाखवलं. त्या दाव्याला त्या काळातला पुरावा आजवर कुणी पुढे ठेवलेला नाही. त्याच महिन्यात मुंबईतल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला आणि जगभर चर्चा झाली. दोन्हींच्या मुळाशी ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा ग्रंथ आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्येच तो बारकाईने तपासला होता. त्यांचा निष्कर्ष असा, की ग्रंथ १९०४ च्या आधीचा असूच शकत नाही आणि त्यात वर्णन केलेली यानं उडू शकत नाहीत.

हे लिहिल्यावर आपल्याच माणसांचे डोळे वटारले जाणार हे मला माहीत आहे. सीमाभागात राहून मराठी माणसाचा मोठेपणा नाकारतो, म्हणतील. मी नाकारत नाही. खोट्या विक्रमाचा हार घालून आपण तळपद्यांचा खरा मोठेपणा घालवतो आहोत, असं माझं म्हणणं आहे. १८९० च्या दशकात जगात ज्या ज्या माणसाने हवेपेक्षा जड यंत्र माणसासकट, इंजिनाच्या जोरावर उडवायचं ठरवलं तो प्रत्येक जण अपयशीच होत होता. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल ग्लायडरवरून पडून १८९६ मध्ये मेला. अमेरिकेत प्राध्यापक लँग्लींचं यंत्र सरकारी पैसा घेऊन डिसेंबर १९०३ मध्ये नदीत कोसळलं. त्यानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबरला, राईट बंधूंचं विमान १२ सेकंद हवेत राहिलं. अंतर १२० फूट. साक्षीदार होते, छायाचित्र आहे, वही आहे. एवढ्याशा उडीची नोंद ठेवली म्हणून ती इतिहास झाली. लिलिएंथालला कुणी हिणवत नाही. राईट बंधू स्वतः त्याच्या आकड्यांवर शिकले, आणि ते आकडे सगळे बरोबर नव्हते तरीही. मग तळपद्यांचं अपयश आपल्यालाच का खुपावं?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. बेळगाव जिल्ह्यात आज विमानांचे सुटे भाग बनतात. हत्तरगीला, महामार्गालगत, खास विमान उद्योगासाठी वसवलेल्या कारखान्यांतून एअरबस आणि बोईंगला माल जातो. हुक्केरी-संकेश्वरकडची, बेळगाव तालुक्यातली आयटीआय झालेली मुलं-मुली तिथे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर उभी असतात. कुणी घरी मराठी बोलतं, कुणी कानडी, कुणी उर्दू. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे देशभरची पोरं येतात. या मुलांना कामावर पहिला धडा मिळतो तो असा, की मोजमाप लिहिलेलं नसेल तर भाग बनलाच नाही असं समजायचं. प्रत्येक तुकड्यामागे कागद असतो: धातू कुठून आला, कुणी कापला, कुणी तपासला. एक नोंद गहाळ झाली तर चांगला जॉबही भंगारात जातो, कारण वर तीनशे माणसं बसणार असतात. दिवसभर हा धडा गिरवणाऱ्या मुलाला संध्याकाळी आपण सांगतो, की नोंद नसली तरी मान्य कर, कारण माणूस आपला आहे. अभिमानाच्या पोटी आपण त्याच्या बुद्धीचा अपमान करतो.

काल्पनिक करायचं तर उघड काल्पनिक करा, त्याला माझी हरकत नाही. कॅप्टन गोपीनाथ हे हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. लष्कर सोडलं, शेती केली, २००३ मध्ये स्वस्त विमानसेवा सुरू केली. त्यांच्या आयुष्यावरून सुचलेला तमिळ ‘सूरराई पोट्रु’ २०२० मध्ये आला. त्यात नायकाचं नाव बदललं, गाव बदललं, घरची परिस्थितीही बदलली. मग २०२४ मध्ये हिंदी ‘सरफिरा’त तोच नायक म्हात्रे नावाचा मराठी माणूस झाला. कर्नाटकातल्या माणसाचं आयुष्य तमिळ झालं, मराठी झालं, कुणी मोर्चा काढला नाही. नाव बदललं की दिग्दर्शकाला मोकळीक मिळते आणि प्रेक्षकाला इशारा मिळतो. पण खऱ्या नावाने, खऱ्या सालाने चित्रपट काढला की मग दिग्दर्शकावर पुराव्याची जबाबदारी येते.

परवानगीचा मुद्दाही इथेच संपवतो. सार्वजनिक नोंदींवर आधारलेलं कुणाचं चरित्र लिहायला त्या माणसाची संमती लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलं आहे. तरी प्रत्यक्षात निर्माता वारसांकडे जातो, संघटनेकडे जातो, कुणी दगड मारू नये म्हणून आधीच कात्री लावतो. ही कात्री सेन्सॉरच्या कात्रीपेक्षा जास्त कापते, कारण ती दिसत नाही. मराठी सिनेमाला सच्चेपणा जमत नाही असं मुळीच नाही. २०१८ मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकरांवरच्या चित्रपटाने त्यांचं दारूचं व्यसन, अहंकार, रंगभूमीवरून घसरत जाणं, सगळं दाखवलं, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. घाणेकर त्यामुळे लहान झाले नाहीत. नट झाला म्हणून चाललं, असं मात्र व्हायला नको. शास्त्रज्ञ, समाजसुधारक, स्वातंत्र्यसैनिक, उद्योजक यांनाही हाच न्याय लागू पडला पाहिजे.

सीमाभागाचं एक वेगळं दुखणं आहे, तेही सांगतो. रक्तदाब, साखर, गुडघेदुखी हे आम्ही दवाखान्यात कानडीत सांगतो, काही अडत नाही. पण ‘माझ्या हातून मुलाला काही होईल असा विचार सारखा येतो’ हे सांगायला माणसाला आईची भाषाच लागते. ते कानडी माणसाला पुण्यात लागेल, मराठी माणसाला धारवाडात लागेल. २०२२ पासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सेवा सुरू केली आहे, फोनवर आपल्या भाषेत बोलायची सोय तिने ठेवली आहे. आमच्या किती घरांना ती माहीत आहे? भाषेच्या हक्कासाठी आपण इतकी वर्षं भांडतो आहोत; त्या यादीत मानसोपचाराच्या खोलीत मराठीत बोलायचा हक्क वरच्या क्रमांकावर यायला हवा. आणि तो मागायचा तर आधी आजार आहे हे मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. पडद्यावरच्या मोठ्या माणसाने ते म्हटलेलं असलं, की घरातल्या लहान माणसाला म्हणणं सोपं जातं.

म्हणून मला तळपद्यांवरचा दुसरा चित्रपट हवा आहे. ‘वैमानिक शास्त्र’ सांगणारे पंडित सुब्बराय शास्त्री हे बेंगळुरूजवळच्या आनेकलचे. भारतीय विज्ञान संस्थेच्या त्याच अभ्यासात नोंद आहे, की तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली विमानाच्या प्रतिकृती बनवल्या आणि त्यातली एकही उडाली नाही. किती मोठी गोष्ट आहे ही! एक मराठी माणूस मुंबईत, एक कानडी पंडित आनेकलात. एकाच्या हातात अवजारं, दुसऱ्याच्या मुखात श्लोक. दोघांमध्ये संस्कृतचा पूल. तोवर राईट बंधूंचं विमान उडून दशक उलटलेलं, युरोपात युद्धात विमानं वापरली जात आहेत, आणि हे दोघे अजूनही जुन्या शब्दांतून नवं यंत्र उभं करू पाहताहेत. त्या खोलीत काय बोलणं झालं असेल? पहिली प्रतिकृती जमिनीवरच बसून राहिली तेव्हा कुणी कुणाकडे पाहिलं असेल? तळपद्यांना रात्री झोप येत होती का? घरात पैसे होते का? लोक काय म्हणत होते? इथे दिग्दर्शकाने कल्पना लढवावी, ही कल्पना आहे हे प्रेक्षकाला कळू द्यावं, आणि विमान मात्र उडवू नये.

हा चित्रपट बेळगावात करता येईल. आमच्याकडे दोन्ही भाषा सहज बोलणारे नट आहेत, मराठी आणि कानडी दोन्ही रंगभूमींच्या नाट्यस्पर्धांत रुळलेले. यंत्राची प्रतिकृती उद्यमबागेतल्या कुणाही कुशल फिटरकडून करून घेता येईल. तळपदे मराठीत बोलतील, शास्त्री कानडीत बोलतील, खाली कुठलीही अक्षरं टाकायची गरज इथल्या प्रेक्षकाला पडणार नाही. पैसा लागेल, तो उभा करावा लागेल, आणि वर्गणी मागायला मी दारोदार फिरायला तयार आहे.